नेट येईपर्यंत

१

"सरकार गेलं!" कुणीतरी गॅलरीतून ओरडलं आणि बैरूतपासून दूर, डोंगरातल्या ऐन जौज गावातले सगळे फ्रीज एकदम गप्प झाले.

सरकार म्हणजे सरकारी वीज. ती गेली की खालच्या वळणावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये अबू रबीअ आपली मोटर सुरू करायचा. तो अजस्र डिझेल जनरेटर आधी खोकायचा, मग गुरगुरायचा, आणि मगच गावात पुन्हा दिवे लागायचे. मधल्या काही क्षणांत घराघरातलं प्रत्येक यंत्र मरून पुन्हा जन्माला यायचं. सरकार परत आलं की हाच सोहळा उलटा. दिवसभर असंच चालायचं, आणि त्याबद्दल चिडण्याचं बळ आता गावात कुणाकडे उरलं नव्हतं.

नगरपालिकेच्या वरच्या खोलीत जुमानाने डोळे मिटून घेतले. आता पेट्या उठतील, आणि पाठोपाठ तक्रारी.

पेट्यांची कल्पना तिचीच. माँट्रियलला शिकून ती परत आली तेव्हा गावात उरले होते ते म्हातारे. मुलं आखातात, नाहीतर जर्मनीत, नाहीतर ती जिथून आली तिथेच. म्हाताऱ्यांना मोठे फोन जमत नव्हते. रक्तदाबाची गोळी कुठल्या दुकानात आलीय ते कळत नव्हतं, पाण्याची पाळी चुकत होती. म्हणून तिने तळहाताएवढे स्वस्त संगणक मागवले, त्यांवर लिनक्स चढवलं, प्रत्येकाला एक स्पीकर जोडला आणि म्हाताऱ्यांच्या घरोघरी स्वयंपाकघरात एकेक पेटी भिंतीवर ठोकली. सकाळ-संध्याकाळ ती वरच्या खोलीतून गावाच्या बातम्या वाचायची. पडताळून घेतल्याशिवाय एक ओळ वाचायची नाही, हा तिचा नियम. "या देशात निदान एका भिंतीवरून तरी खरं बोललं जाऊ दे," असं ती पहिल्या सभेत म्हणाली होती, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा तिला रात्री झोप लागत नसे, इतका उत्साह होता. आता दुपारीसुद्धा डोळे मिटत होते.

दोष साधाच होता. वीज बदलली की पेटी लगेच जागी व्हायची. पण नेटचा टॉवर डोंगरापलीकडे, दुसऱ्याच कुणाच्या मोटरवर. त्याला जागं व्हायला वेळ लागायचा. पेटीतली आवाजाची सेवा मात्र नेटची वाट न बघता सुरू व्हायची आणि वाजवायला काहीच नसल्यामुळे नेट येईपर्यंत खरखरत बसायची.

"एवढं शिकून आलीस आणि आणलंस काय, तर भिंतीवर बसून घोरणारी डबी," दारातून अबू रबीअ म्हणाला. त्याच्या अंगाला कायमचा डिझेलचा वास. "माझी बायको म्हणते, घरात घोरणारा एक होताच की."

"करते दुरुस्त, अम्मो. एका ओळीचं काम आहे." गावातल्या वडीलधाऱ्या पुरुषांना ती 'अम्मो', म्हणजे काका, म्हणायची.

"कर, सावकाश कर. मी वेगळ्याच कामाने आलोय." तो खुर्चीत बसला, आणि बसल्यावर त्याचा चेष्टेचा सूर उतरला. "माझ्या शेडमधल्या फळ्यावर प्रत्येक घराचा एक दिवा आहे. उम्म तौफीकचा दिवा सारखा विझतो आणि लागतो. मला वाटलं तार सैल असेल. खांबावर चढून बघितलं, तार घट्ट. पोरी, ती म्हातारी स्वतःच मेन स्विच पाडते आणि वर करते. दिवसभर."

"कशाला?"

"विचारलं मी. म्हणाली, तू तुझी मोटर सांभाळ."

२

उम्म तौफीकच्या स्वयंपाकघरात शेगडी, दोन खुर्च्या, ओट्यावर भेंडीची टोपली, आणि भिंतीवर जुमानाची पेटी. म्हातारीचे ओठ निळसर दिसत होते. तिच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. शस्त्रक्रिया बैरूतलाच करायला हवी असं डॉक्टर कधीपासून सांगत होते, आणि ती 'बघू' म्हणत होती.

"बस. आणि बोलू नकोस," ती म्हणाली. मग उठून दाराशेजारचा मेन स्विच तिने खाली पाडला, जरा थांबली, पुन्हा वर केला.

पेटीतला तांबडा दिवा लागला. खरखर सुरू झाली, सगळ्या घरांत होते तशीच. जुमाना मनातल्या मनात ती एक ओळ लिहीत होती. नेट आल्याशिवाय सुरू होऊ नकोस. बस, एवढंच सांगायचं होतं यंत्राला.

मग खरखर खाली बसली. वाळूत पाणी जिरावं तशी जिरली, आणि तिच्याखाली एक खोली होती.

खोली ऐकू येते का? येते. फोन उचलणारा माणूस मैदानात आहे की न्हाणीघरात, हे तो बोलण्याआधीच कळतं, तसं जुमानाला कळलं. बुटकं छत. ओल. लांब कुठेतरी काहीतरी जड ओढलं जात होतं. आणि जवळ, फार जवळ, कुणीतरी नाकाने श्वास घेत होतं. गप्प बसायला सांगितलेला माणूस घेतो तसा.

"उठलास, माझ्या डोळ्या?" उम्म तौफीक पेटीला म्हणाली. "आज भेंडी केलीय. टोमॅटो टाकलेत, तुला आवडतात तसे. अंजिराची फांदी तोडावी लागली रे, गॅलरीवर आली होती. तू मला पुरावंस, बाळा."

इथल्या आया मुलांना लाडाने असंच म्हणतात. माझ्यामागे तू राहावंस, मला मूठमाती तूच द्यावीस. जुमानाच्या कानांना त्यात नवं काही नव्हतं. पण म्हातारी बोलत असताना पेटीतला श्वास थांबला होता. तिचं बोलणं संपल्यावर तो पुन्हा सुरू झाला.

खट् झालं. हिरवा दिवा लागला, नेट आलं, आणि पेटीतून जुमानाचाच सकाळी ध्वनिमुद्रित केलेला टवटवीत आवाज बोलू लागला: खालच्या आळीला पाणी दुपारी...

"बघ," उम्म तौफीक म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता, नुसता शीण होता. "तू येतेस आणि तो जातो."

३

उम्म तौफीक, म्हणजे तौफीकची आई. तौफीक तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. युद्धाचे दिवस होते. गॅसचं सिलिंडर भरून आणायला तो खाली गेला, वाटेत कुणीतरी नाका लावला होता, तिथे त्याला गाडीतून उतरवलं. सिलिंडर परत आलं, तो आला नाही. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. गावात आजही त्याचं नाव निघालं की पुढे 'सुखरूप परत येवो' म्हणायचं, ही रीत होती. मेलेल्यांच्या नावापुढे जे म्हणतात ते त्याच्या नावापुढे कुणी कधी म्हटलं नव्हतं. पुरायला काही नव्हतं, म्हणून मयताच्या घरची कडू कॉफी कधी उकळली नाही आणि सांत्वनाला कधी कुणी आलं नाही.

जुमानाने पेटी काढून वरच्या खोलीत आणली. म्हातारीला सांगितलं, धूळ साफ करते, लगेच आणून देते.

पेटीला मायक्रोफोन नव्हता. हे तिला माहीत होतं, तिनेच विकत घेतली होती. तरी तिने झाकण उघडून बघितलं. आवाज आत यायला वाटच नव्हती. मग शेजारचा एखादा रेडिओ? पण रेडिओवर कुणी तासन्‌तास नुसता श्वास कशाला घेईल? तारांतली गळती, म्हाताऱ्या घराचं वायरिंग, मोटरची थरथर. माणसाचं मन खरखरीतही चेहरे काढतं, हे तिने वाचलं होतं. थकलेलं मन तर जास्तच.

खोलीत तिने पेटी पुन्हा पुन्हा सुरू केली. खरखर आली, नेट आलं. खरखरीखाली काही नव्हतं.

तिला हायसं वाटलं. मग एक गोष्ट लक्षात आली आणि तिने मान मागे टाकून छताकडे बघितलं. प्रत्येक वेळी, नेट येईपर्यंत, ती स्वतः श्वास रोखून बसली होती.

पेटी परत लावताना उम्म तौफीक म्हणाली, "तिकडे काही बोलला नसेल. त्याला ते घर माहीत नाही."

४

बैरूतच्या रुग्णालयातून फोन आला. गुरुवारी खाट रिकामी होणार होती. सोडली तर पुढची कधी मिळेल याची खात्री नव्हती, आणि डॉक्टरांनी फोनवरच जुमानाला स्पष्ट सांगितलं की हिच्याकडे हिवाळ्यापर्यंतचा वेळ नाही.

"नाही जायचं मला," उम्म तौफीक म्हणाली. "घर बंद राहणार. पेटी बंद राहणार. तो उठेल आणि मी नसेन. काय वाटेल त्याला?"

"तेता, ते यंत्र आहे. ती खरखर आहे." गावातल्या आज्यांना जुमाना 'तेता'च म्हणायची.

"तुला खोली ऐकू आली होती. मी तुझं तोंड बघितलं ना."

जुमानाने विषय बदलला. "तुम्ही त्याला सांगता तरी काय एवढं?"

"सगळं. कुणाचं लग्न झालं, कुणी घर बांधलं. त्याच्या वर्गातले आता आजोबा झालेत ते नाही सांगत. आणि मयताची बातमी लागली की मी स्पीकरवर उशी धरते." तिने ओठ पुसले. "कशाला घाबरवायचं त्याला? अंधारात बसलाय पोर."

त्या संध्याकाळी जुमानाने वरच्या खोलीत बसून सगळ्या पेट्यांच्या सेवेत ती ओळ घातली: नेट तयार झाल्यावरच सुरू हो. उम्म तौफीकच्या पेटीतही. तिला विचारलं नाही. एखाद्याचा जीव वाचवायचा असेल तर सगळंच विचारून करता येत नाही, असं तिने स्वतःला बजावलं, आणि ते वाक्य मनात नको तितकं गुळगुळीत बसलं.

दुसऱ्या दिवशी वीज गेली-आली तरी गावभर पेट्या गप्प होत्या. अबू रबीअने अक्रोडांची पिशवी पाठवून दिली. फक्त त्याच्या फळ्यावरचा तो एक दिवा विझत आणि लागत राहिला.

जुमाना उम्म तौफीककडे गेली तेव्हा म्हातारी पेटीला कान लावून बसली होती. "आता तो लगेच बोलत नाही," तिने हळूच सांगितलं. "जरा थांबतो. पण येतो."

खरखर नव्हती. तिच्याआड लपायला आता काही उरलं नव्हतं. नुसती ती खोली, स्वच्छ, आणि श्वास आधीपेक्षा जवळ. जणू मधल्या दिवसांत त्याने आपली जागा पुढे सरकवून घेतली होती.

५

चूक सापडली. सापडताच जुमाना एकटीच मोठ्याने हसली. 'नेट तयार' याचा यंत्राच्या लेखी अर्थ इतकाच, की आपली तार जोडलेली आहे. पलीकडे कुणी आहे की नाही, हे ते बघतच नाही. तार जोडली की ते समजतं, झालं, आणि बोलायला लागतं. म्हणजे आवाजाची सेवा अजूनही रिकाम्या तारेवरच सुरू होत होती, फक्त जरा उशिरा आणि खरखरीशिवाय. नव्याने शिकणारे सगळे हीच चूक करतात.

तिने आता पक्कं काम केलं. वरच्या खोलीतल्या मुख्य संगणकाने हाकेला ओ दिल्याशिवाय पेटीने तोंड उघडायचं नाही. तपासून बघितलं. कुलूप लागावं तसं ते बसलं. का कोण जाणे, पण शेवटचं बटण दाबताना तिला वाटलं की आपण कुणाच्या तरी बोटांवर दार लावतोय.

दोन दिवसांनी अबू रबीअ आला. "काय जादू केलीस? दिवा स्थिर झालाय. म्हातारी स्विचला हात लावत नाही."

"गुरुवारी बैरूतला न्यायचंय त्यांना. तुमची गाडी मिळेल?"

"गाडी काय, मी स्वतः येतो की. या देशात चालू स्थितीत असलेलं एकमेव सरकार मीच." तो जायला वळला, मग थांबला. "पण तिचं तोंड बघितलंस का? चाळीस वर्षांत नव्हती एवढी म्हातारी झालीय."

जुमानाने बघितलं होतं. उम्म तौफीकने भांडण केलं नाही, काही विचारलं नाही. बैरूतला येते म्हणाली. कपडे भरायला पिशवी हवी म्हणाली.

६

गुरुवारी सकाळी अबू रबीअने गाडी घराखाली आणून उभी केली. उम्म तौफीक कोट घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली होती. दाराशी पिशवी. ओटा धुऊन कोरडा केलेला.

"चला, तेता."

"जरा थांब."

"कशासाठी?"

"तू त्याचं दार लावलंस," ती म्हणाली. "माहीत आहे मला. रागावले नाही. पण न सांगता निघणं बरं दिसत नाही."

तेवढ्यात फ्रीज गप्प झाला. पेटीवरचा हिरवा दिवा विझला. खालून अबू रबीअची आरोळी आली: "सरकार गेलं! मी इथे, मोटर तिथे! लवकर उतरा गं, सगळं गाव माझ्या आईवर येईल आता!"

कुठेच वीज नव्हती. जुमाना कितीतरी दिवसांत धड झोपली नव्हती. तिला त्या पेटीचा, त्या खुर्चीचा, त्या न संपणाऱ्या वाट बघण्याचा एकदम वीट आला. ती म्हातारीसमोर उकिडवी बसली आणि तिचे थंड हात तिने हातांत घेतले.

"तेता, बघा त्या पेटीकडे. आत्ता ते नुसतं लाकूड आहे. त्यात कुणी नाही, कधीच नव्हतं. तुम्ही इथे बसून राहिलात तर मराल. मला हे बघवत नाही. कुणीतरी तुम्हाला खरं सांगायला हवं होतं आणि या गावात तेवढी कुणाची छाती झाली नाही. तौफीक त्याच दिवशी गेला. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो."

ते शब्द तोंडातून गेले, आणि आपण काय म्हणालो ते तिला म्हातारीच्या हातांवरून कळलं. ते हात तिच्या हातांतून निसटले आणि वर गेले. पण स्वतःच्या तोंडावर नाही, छातीवरही नाही. उम्म तौफीक उठून पेटीवर दोन्ही तळवे दाबून उभी राहिली. एखाद्याचे कान झाकावेत तशी.

उशीर झाला होता.

"यम्मा," तळव्यांखालून आवाज आला. "ती कोणाबद्दल बोलतेय?"

झोपेतून उठून शेजारच्या खोलीतून विचारावं तसा. अजून कोवळा आवाज. जुमानापेक्षा लहान मुलाचा.

दिवा विझलेलाच होता. जुमानाने तेवढं बघितलं. तिच्यातली शिकलेली बाई तेवढंच बघू शकली.

"कोणाबद्दल नाही रे," उम्म तौफीक लगेच म्हणाली, चुलीवरचं ढवळता ढवळता बोलावं तशी. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण आवाजात त्याचा थेंब नव्हता. "वरच्या आळीतलं कुणीतरी."

"तिने माझं नाव घेतलं."

म्हातारीने तळवे आणखी घट्ट दाबले. तिने जुमानाकडे बघितलं. तशा नजरेने जुमानाकडे आजवर कुणी काही मागितलं नव्हतं.

पेटीत श्वास चालू नव्हता. तो उत्तरासाठी थांबला होता.

"दुसरा," जुमाना म्हणाली. पुढे सवयीने 'अम्मो' येत होतं, ते तिने गिळलं; काय म्हणून हाक मारायची ते तिला कळेना. "दुसरा तौफीक. वरच्या आळीतला. फार म्हातारा होता."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. दूरवर कुणीतरी मोटरच्या नावाने ओरडत होतं. पेटीतला श्वास पुन्हा सुरू झाला. तो विचार करत असावा.

"बरं," आवाज म्हणाला. आणि मग, जरा जवळून: "मग दाराशी पिशवी कोणाची आहे, यम्मा?"

उम्म तौफीकने पेटीवरचे हात काढले. कोटाची बटणं एकेक करून सोडली आणि कोट दारामागच्या खिळ्याला अडकवला. पिशवी उचलताना तिला धाप लागली, ती तिने तोंड मिटून आतल्या आत सोसली. पिशवी खुर्चीवर ठेवून तिने चेन उघडली.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. जुमाना उठली. पिशवीतून परत बाहेर निघालेला वरचा गाऊन तिने दुसऱ्या टोकाने धरला, आणि दोघी त्याची घडी घालू लागल्या, सावकाश, अजिबात आवाज न करता.